पावतीवरचे झाड आणि देवराई



२००२ साली जर्मनीतील क्रोम्बाखर या बिअर कंपनीने विकल्या जाणाऱ्या प्रत्येक क्रेटमागे आफ्रिकेतील एक चौरस मीटर वर्षावन राखण्याची योजना काढली. ‘पेय घ्या, आम्ही झाड लावू’ हा त्याच वळणाचा विचार. हेतू वाईट नाही. परंतु ग्राहकाचे कर्तव्य पावतीपाशी संपते आणि रोपाची परीक्षा तेथूनच सुरू होते.

मुळशीच्या डोंगरांवर चार महिने धुवाधार पाऊस, पुढे कोरडा उन्हाळा, वणवे आणि मोकाट गुरे. राखणदार नसेल तर आषाढात लावलेले रोप वैशाख पाहत नाही.

याच तालुक्यात पूर्वजांनी देवराया राखल्या. तेथे कुऱ्हाड वर्ज्य. वाळलेले लाकूडही देवाचे. बक्षीस नव्हते, श्रद्धा होती. याच खोऱ्यात १९२१ साली धरणाविरुद्ध सत्याग्रह उभा राहिला आणि सेनापती बापट त्याचे अग्रणी ठरले. वीज मुंबईची, बुडाली ती मावळ्यांची शेते. भूमीचा निर्णय भूमिपुत्राला विचारूनच व्हावा, हा त्याचा धडा.

म्हणून कंपनीला लावलेल्या रोपांची संख्या विचारू नका; तिसऱ्या वर्षी जगलेली किती, हे विचारा. आणि आपण प्रत्येक कुटुंबाने जांभूळ वा हिरड्याचे एक रोप तीन उन्हाळे जगवावे. वृक्षसेवा विकत मिळत नाही. ती करावी लागते.