लाकडाचा ठसा, दगडाचा छाप आणि चित्रकलेचा तास
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



प्रत्येकाने आपापल्या कामाविषयी थोडं बोलावं, असं ठरलंय. माझं सारं आयुष्य नागपुरात लग्नपत्रिका आणि कॅलेंडरं छापण्यात गेलं. म्हणून बोलतो ते छापील चित्राबद्दल. आणि सुरुवात करतो जपानपासून.

उसळलेली निळी लाट, खाली होड्या, मागे इवलासा फुजी पर्वत. हे चित्र तुम्ही टी-शर्टवर, मोबाइलच्या कव्हरवर नक्की पाहिलं असेल. होकुसाईची ही लाट साधारण १८३१ ची. पण ती एकट्या होकुसाईची नाही. तो कागदावर रेखाटन करायचा. कोरणारा ते लाकडावर कोरायचा. छापणारा प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा घेऊन, कागद हाताने घासून छाप काढायचा. पैसा प्रकाशकाचा. एका रंगावर दुसरा नेमका बसावा म्हणून ठशाच्या कडेला खुणेच्या खाचा असत. आम्ही छापखान्यात ‘रजिस्टर हललं’ म्हणतो ना, ते हलू नये याची ही सोय!

असे बहुरंगी छाप १७६५ च्या सुमारास निघू लागले. विषय काय, तर नाटकातले नट, पहिलवान, प्रवासातली ठिकाणं. साध्या माणसाला परवडणारी ही चित्रं युरोपात पोहोचली आणि १८८७ मध्ये व्हॅन गॉगने हिरोशिगेचं पावसातल्या पुलाचं चित्र तैलरंगात उतरवलं. १८१४ पासून निघालेल्या होकुसाईच्या रेखाटनांच्या पुस्तकांचं नाव होतं ‘मांगा’. आज मुलं ज्या जपानी कॉमिक्ससाठी वेडी होतात, त्यांनाही हाच शब्द आहे. ठळक रेषा आणि आत सपाट रंग, ही जुनी ओळखही त्यांत दिसते. २०२४ पासून ती लाट जपानच्या हजार येनच्या नोटेवर आहे.

आता आपल्याकडे या. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे लाकडाऐवजी दगड होता. रंग जितके, तितके दगड. त्यातून लक्ष्मी आणि सरस्वती घरोघरी गेल्या. ज्यांना देवळाच्या पायरीवरच अडवलं जाई, त्यांनाही देवीची तसबीर घरात लावता आली. ही गोष्ट लहान नव्हे, राजेहो! याच छापखान्यात दादासाहेब फाळके यांनी काम केलं आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. आपल्या चितार ओळीत देवीच्या मूर्ती बघताना, साडीच्या निऱ्या आणि दागिने पाहून मला अजून त्या तसबिरी आठवतात.

होकुसाई आणि रविवर्मा यांची नावं आपण घेतो. कोरणाऱ्याचं, दगडावर रंग चढवणाऱ्याचं नाव बहुधा कोणाला ठाऊक नसतं. पण त्यांचा हात तयार नसता, तर ही चित्रं घराघरांत गेलीच नसती. वर्गातल्या साठ मुलांतून एखादाच चित्रकार होईल. मात्र रेष ओळखणारे, रंगातला फरक कळणारे हात बाकीच्यांचेही होऊ शकतात. छापखान्यात असा मुलगा मिळावा म्हणून मी किती वाट पाहिली आहे, ते मलाच माहीत.

आज दुपारी आपल्या बॅचचा निधी कशाला द्यायचा, हे ठरणार आहे. डिजिटल फळ्याला माझा विरोध नाही. पण परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला दिला जातो, हे आपण सगळेच जाणतो. त्या तासाला स्वतःची खोली द्या. तिथे लिनोलियमचे तुकडे, कोरण्या, रोलर, शाई आणि एक लहान हातछाप यंत्र ठेवा. दर शनिवारी मुलांना छपाई शिकवायला मी येईन, हा माझा शब्द.

पुढच्या स्नेहमेळाव्याची निमंत्रणपत्रिका आपल्या मुलांनी कोरलेली आणि छापलेली असावी, एवढीच इच्छा.