डिझेल गाडी अडखळते तेव्हा



आपल्यापैकी पुष्कळांच्या दारी जुनी डिझेल जीप असेल. दूध, भाजी, खताची पोती, अडीनडीला आजारी माणूस, सारा भार तिच्यावर. अशी गाडी सकाळी सुरू होते, दोन मिनिटं चालते आणि आचके देऊन बंद पडते. चाललीच तर थरथरते, चढाला दम टाकते. मग कोणीतरी म्हणतं, "पंप गेला!" माझ्या जीपचा पंप असाच तालुक्याला उघडला गेला. आठ दिवस गाडी नाही, खिसा रिकामा, आणि दुखणं जिथल्या तिथं! दोष निघाला एका तांब्याच्या वायसरात. तेव्हा पंपाला हात लावण्याआधी हवा शोधा.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या हवा इतकी दाबतो की ती तापते आणि तिच्यात पडलेला डिझेलचा फवारा आपोआप पेटतो. हा फवारा मारणारे पंप जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात १९२७ पासून मोठ्या संख्येनं बनू लागले. आपल्या जुन्या गाड्यांतले पंप त्याच वंशातले. डिझेल दाबून फारसं आकसत नाही, हवा मात्र आकसते. नळीत बुडबुडा शिरला की पंपाचा जोर तो बुडबुडा दाबण्यातच खर्ची पडतो. नोझल धड उघडत नाही.

"पण कुठं थेंबभर गळत नाही हो!" असं आपण म्हणाल. फसगत होते ती इथंच. टाकीपासून फीडपंपापर्यंतच्या नळीत डिझेल ओढलं जातं. तिथं फट पडली, तर डिझेल बाहेर येण्याऐवजी हवाच आत जाते. शिक्षकमंडळींना हे वर्गात दाखवता येईल. सरबत पिण्याच्या नळीला वरच्या बाजूस टाचणीनं भोक पाडा आणि मुलाला ओढायला सांगा. सरबताबरोबर हवा येईल, बाहेर मात्र थेंबही पडणार नाही.

खात्रीसाठी स्वच्छ डब्यात डिझेल घ्या, डबा इंजिनापेक्षा उंच बांधा, आणि तिथून सरळ फीडपंपाला नळी जोडा. परतीची नळीही त्याच डब्यात सोडा. आता गाडी सुरळीत चालली, तर दोष टाकी, तिची चाळणी किंवा जुनी नळी यांत आहे, पंप निर्दोष. नळीचे सांधे, तडकलेलं रबर, वायसर पाहा. एकदा दाबलेला तांब्याचा वायसर पुन्हा नीट बसेलच असं नाही. नवा घाला, पैसा फार लागत नाही. मग फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करून हातपंप मारा. आधी फेस येईल, मग अखंड धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. काही पंपांवर असाच आणखी एक स्क्रू असतो. पावसाळ्यात फिल्टरच्या तळाचं पाणीही काढा.

इतकं करूनही एखादा सिलिंडर काम करीत नसेल, तर नोझलची तपासणी जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्या. चालत्या इंजिनात नोझलच्या फवाऱ्याखाली किंवा जाड नळीच्या फटीवर बोट कधीही धरू नका. तो फवारा कातडी भेदून आत शिरतो. टोचल्यासारखी बारीक खूण दिसते, दुखतही नाही, आणि काही तासांनी बोट गमवायची पाळी येते. असं झालं तर हळद लावून घरी थांबू नका. ताबडतोब मोठं रुग्णालय गाठा, आणि डिझेल दाबानं आत गेलं आहे, हे डॉक्टरांना आधी सांगा.