आईचं घर आणि चार महिन्यांचे भाडेकरू



'सध्या काय करतेस' ते पाच मिनिटांत सांगायचं, असं संयोजकांनी बजावलंय. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, एवढं सांगून माझं एक मिनिटही होत नाही. म्हणून उरलेल्या वेळात आमच्या अंबाजोगाईच्या घराबद्दल बोलते. काल गावातून फिरताना तुमच्यापैकी कितीजणांच्या घरांना कुलपं दिसली, म्हणूनही.

बाबा गेल्यावर आई माझ्याकडे आली. घर विकायचं नाही आणि दिवाळीला, उन्हाळ्यात तिथंच राहायचं, हा तिचा हट्ट. मग वर्षभराचा भाडेकरू कसा ठेवणार? रिकामं ठेवलं तर वाळवी. शेवटी ठरवलं, पलंग, फ्रिज, गॅससकट तीन-चार महिन्यांसाठी द्यायचं.

मी पुण्याच्या सवयीने ॲपवर फोटो टाकले. दोन महिन्यांत फक्त दलालांचे फोन आले, आणि एकाला लग्नाच्या वऱ्हाडासाठी घर हवं होतं. मग आपल्याच एका मैत्रिणीने विचारलं, "अगं, आपल्या गावात चार महिन्यांसाठी येतं कोण, याचा विचार केलास का?"

खरंच केला नव्हता. आपलं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ पासून इथं आहे. तिथं बाँडवर, बदलीवर डॉक्टर येत-जात असतात. परळीचं औष्णिक वीज केंद्र पंचवीसेक किलोमीटरवर, तिथं दुरुस्तीच्या कामाला अभियंते येतात. बँकेत बदली झालेला माणूस मुलांची परीक्षा होईपर्यंत एकटाच राहतो. या लोकांना गाद्या-भांडी घेऊन फिरायचं नसतं. दवाखान्याजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात एक कागद लावला, बँकेतल्या ओळखीच्यांना सांगितलं. आठवड्यात फोन सुरू झाले. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, पाणी किती दिवसांनी येतं? सोफ्याचे पैसे मी टाकीत घालायला हवे होते.

आता जे सांगायचंय ते जरा जड जातं. पहिला फोन एका तरुण डॉक्टर मुलीचा होता. एकटी, चार महिन्यांसाठी. तिने आडनाव सांगितलं आणि मी म्हणाले, "घरी विचारून सांगते." घरी विचारण्यासारखं काहीच नव्हतं, निर्णय माझाच होता. पण शेजारच्या काकूंनी "कोणाचे आहेत ते आधी बघ" म्हणून सांगून ठेवलं होतं, आणि मी गप्प ऐकून घेतलं होतं.

इंजिनिअरिंग संपवून पुण्यात खोली शोधताना मलाही लोक असंच "घरी विचारून सांगतो" म्हणायचे. बीडची म्हटलं की चेहरा बदलायचा. हे आठवायला मला तीन दिवस लागले. फोन केला तेव्हा तिची दुसरीकडे सोय झाली होती. "थँक यू मॅडम," म्हणाली. बस्स. तेव्हापासून मी तीनच गोष्टी विचारते: काम कुठे, कधीपर्यंत, आणि माणसं किती. काकू अजून नाराज आहेत.

आपल्या जिल्ह्याला असं मुदतीपुरतं राहणं काही नवं नाही म्हणा. दरवर्षी आपली माणसं ऊसतोडीला पाच-सहा महिने बाहेर जातात आणि कोपीत राहतात. आपल्या वर्गातही दिवाळीनंतर काही बाकं रिकामी व्हायची, बाईंना आठवत असेल. त्यांना कोण फर्निचरसकट घर देतंय?

एक कामाचं सांगते, कारण इथं अनेकांचा गैरसमज दिसला. अकरा महिन्यांपेक्षा कमी असेल तर नोंदणी लागत नाही, हे महाराष्ट्रात चालत नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेलाही हवा, मुदत कितीही असो. जबाबदारी घरमालकाची. चुकलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यातही द्या.

सध्या घरात एक भूलतज्ज्ञ मुलगी आहे. आई तिला दर रविवारी फोन करते. भाड्याचं माझ्याकडे असतं, आईला फक्त तुळशीला पाणी घातलं का ते विचारायचं असतं. ती मार्चअखेर जातेय, मग एप्रिल-मे आई राहील. जूनपासून घर मोकळं आहे. कुणाच्या पाहण्यात कोणी असेल तर जेवताना मला गाठा, मी भज्यांच्या रांगेत असेन.