दलालाची नोंदणी आणि कायद्याची सूट

(येथील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत आम्ही केलेल्या भाषणाचा मजकूर.)



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय निवडण्याची मोकळीक आम्हांस दिली, तेव्हा त्यांच्या मनात संतवाङ्मय किंवा इतिहास यांपैकी काहीतरी असावे. आम्ही जागेच्या दलालाविषयी बोलणार आहोत हे ऐकून एका चालकांची जी मुद्रा झाली, ती आम्ही अजून विसरलो नाही. परंतु या सभागृहात बसलेल्यांपैकी किती जणांनी आयुष्याची पुंजी ज्ञानेश्वरीवर विसंबून कोणाच्या हाती दिली असेल आणि किती जणांनी ती दलालाच्या शब्दावर विसंबून दिली असेल, याचा ज्याने त्याने मनाशी हिशेब करावा. म्हणजे आमच्या विषयाची निवड फारशी चुकलेली नाही असे त्यांस दिसून येईल.

गेल्या उन्हाळ्यात एक निवृत्त शिक्षक आमच्याकडे आले. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतून शहराबाहेरच्या एका खेड्यात दोन गुंठ्यांचा प्लॉट घ्यावा, असे त्यांनी ठरविले होते. प्लॉट एका गृहस्थाने काही वर्षांपूर्वी घेतलेला होता आणि आता तो विकावयास काढला होता. मध्यस्थ ओळखीचा, चहाच्या दुकानात रोज भेटणारा. विसार दिला गेला, साठेखत झाले. उतारा कानडीत, गुरुजींना कानडी बोलता येते, वाचता येत नाही. 'सगळे बरोबर आहे' असे मध्यस्थाने सांगितले आणि गुरुजींनी मान हलविली. पुढे उतारा दुसऱ्या एका जाणकाराकडून वाचून घेतला, तेव्हा जमीन अद्याप शेतीचीच आहे, बिनशेती झालेलीच नाही, असे निघाले. गुरुजी संतापून मध्यस्थाकडे गेले आणि म्हणाले, 'तुझ्याजवळ लायसन तरी आहे काय?' तो शांतपणे म्हणाला, 'गुरुजी, असल्या व्यवहाराला लायसन लागत नाही.'

गुरुजींना वाटले, हा आणखी एक थापा मारतो आहे. आम्हांलाही प्रथम तसेच वाटले. म्हणून आम्ही कायदा काढून वाचला; आणि खेदाची गोष्ट अशी की, निदान तेवढे एक वाक्य तो खरे बोलला होता.

स्थावर मालमत्तेच्या नियमनाचा व विकासाचा कायदा संसदेने २०१६ साली केला. लोकांच्या तोंडी तो 'रेरा' या नावाने आहे. त्याची काही कलमे १ मे २०१६ रोजी आणि बाकीची महत्त्वाची कलमे १ मे २०१७ रोजी अमलात आली. बांधकाम व्यावसायिकाने प्रकल्पाची नोंदणी केल्यावाचून जाहिरात करू नये, विक्री करू नये, हा त्याचा गाभा. दलालांनाही या कायद्याने नोंदणीच्या चौकटीत आणले, आणि वर्तमानपत्रांतून त्याचे स्वागत झाले ते योग्यच झाले. परंतु नववे कलम नीट वाचावे. ज्या प्रकल्पाची तिसऱ्या कलमाखाली नोंदणी झालेली आहे, ज्यातील प्लॉट, सदनिका किंवा इमारत प्रवर्तक स्वतः विकत आहे, आणि जो नियोजन क्षेत्रात मोडतो, त्या प्रकल्पातील खरेदी-विक्री जुळवून देणाऱ्यास नोंदणी पाहिजे. यांतील प्रत्येक अट म्हणजे एक कुंपण आहे. प्रवर्तकाऐवजी जुना मालक विकत असेल तर दलाल कुंपणाबाहेर. घर भाड्याने द्यावयाचे असेल तर बाहेर. वाडवडिलांचे कौलारू घर विकावयाचे असेल तर बाहेर. आणि आमच्यासारख्या गावांत दलालाची गाठ पडते ती बहुधा याच व्यवहारांत.

मार्केट यार्डात दुसऱ्याचे बटाटे विकून अडत घ्यावयाची तर अडत्यास परवाना लागतो. त्याच अडत्याने संध्याकाळी चहा घेता घेता दुसऱ्याचे घर विकून दिले, तर त्याला काहीही लागत नाही.

हे असेच असावयास पाहिजे काय? या प्रश्नासाठी आम्ही अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचा कायदा पाहिला, कारण या बाबतीत त्या राज्याचा अनुभव जुना आहे. तेथे १९१७ साली दलालांच्या परवान्याचा कायदा झाला; तो न्यायालयात टिकला नाही, म्हणून १९१९ साली पुन्हा करण्यात आला आणि तो टिकला. तेथला नियम असा की, दुसऱ्यासाठी मोबदला घेऊन स्थावराची विक्री, खरेदी किंवा भाडेपट्टा जुळवून देणाऱ्याला परवाना पाहिजे. घर नवे की जुने, विकणारा बांधकाम व्यावसायिक की एखादी विधवा बाई, हा भेदच नाही. मग सूट कोणाला? आपली स्वतःची मालमत्ता विकणाऱ्यास. मालकाने रीतसर मुखत्यारपत्र दिलेल्यास. वकिली करताना ओघाने असे काम करणाऱ्या वकिलास. न्यायालयाच्या हुकमाने काम पाहणाऱ्या रिसीव्हरसारख्या व्यक्तीस. आणि अशाच आणखी काहींस. म्हणजे परवाना हा नियम आणि सूट हा मोजक्या माणसांचा अपवाद. शिवाय त्या कलमातच एक वाक्य घातले आहे की, कायदा चुकविण्याच्या हेतूने जो या सुटीचा आश्रय घेईल, त्याला ती लागू नाही. आमच्या कायद्यात दलालांविषयीच्या कलमांत असे वाक्य शोधून सापडत नाही; आणि वर पाहिल्याप्रमाणे आमच्याकडे नोंदणी हाच अपवाद होऊन बसला आहे.

परदेशाचे सारेच चांगले असे आम्ही म्हणत नाही. तेथेही परवानाधारक लबाड निघतात. पण तेथे लबाडी उघडकीस आली की परवाना रद्द होतो. येथे ज्याच्याजवळ परवानाच नाही त्याचे काय रद्द करावयाचे?

आता प्रकल्पांच्या सुटीकडे वळू, कारण दलालाची सूट तिच्याच पाठीवर बसून येते. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक नसेल किंवा सदनिका आठांहून अधिक नसतील तर प्रकल्पाची नोंदणी नको, असे तिसरे कलम सांगते. एका गुंठ्याचे सुमारे १०१ चौरस मीटर होतात, तेव्हा ५०० चौरस मीटर म्हणजे पाच गुंठ्यांना किंचित कमी. मुंबईच्या मानाने ही मर्यादा लहान वाटेल. आमच्या गल्लीत जुना वाडा पाडून सहा-आठ सदनिकांची इमारत उभी राहते, ती सरळ या सुटीत बसते. इमारतीची नोंदणी नाही, म्हणून तिथला दलालही मोकळा. वीस गुंठ्यांहून थोड्या कमी जमिनीचे चार तुकडे चार भावांच्या नावे करून प्रत्येक तुकडा पाच गुंठ्यांच्या आत ठेवण्याची युक्ती कोणास सुचणार नाही, असे मानण्याइतके आम्ही भोळे नाही. सर्व टप्पे मिळून मर्यादा मोजावी असे कायदा म्हणतो खरा. पण चार भाऊ म्हणजे चार टप्पे हे सिद्ध कोणी करावयाचे?

मुखत्यारपत्राची गोष्टही येथेच सांगून टाकू. शेतकऱ्याकडून मुखत्यारपत्र लिहून घ्यावे आणि 'मी दलाल नव्हे, मालकाचाच माणूस' असे सांगत प्लॉट विकावेत, हा प्रकार आपल्याकडे जुना आहे. केंद्राच्या कायद्याने येथे शहाणपण दाखविले. विक्रीसाठी प्लॉट पाडलेल्या जमिनीचा मुखत्यार म्हणविणारा मनुष्य हा प्रवर्तकच समजावा, असे व्याख्येत लिहिले आहे. आणि केवळ मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट सांगितलेले आहे. तरीही मुखत्यारपत्रावर पैसे देणारे अजून भेटतात.

राज्याने आपल्या अधिकारात दिलेली सूट आणखी निराळी. २०१७ साली काम चालू असलेल्या आणि पूर्णत्वाचा दाखला न मिळालेल्या प्रकल्पांनी तीन महिन्यांत नोंदणीचा अर्ज करावा, असे संसदेने म्हटले होते. कर्नाटकाने जुलै २०१७ मध्ये नियम केले, त्यांत 'चालू प्रकल्प' या शब्दांतून कितीतरी प्रकल्प वगळले. ज्या वसाहतीचे रस्ते व सार्वजनिक जागा स्थानिक संस्थेच्या ताब्यात दिल्या गेल्या ती वगळली. ज्या प्रकल्पाचे विकासाचे काम पूर्ण झाल्याचा दाखला मिळाला असून ६० टक्के खरेदीखते नोंदली गेली आहेत तो वगळला. पूर्णत्वाच्या दाखल्यासाठी नुसता अर्ज केलेला असला तरी, काम पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र जोडून, तोही वगळला. यांतील काही सुटी न्याय्य आहेत. संपलेल्या कामावर नवा कागद कशाला, हा प्रश्न रास्त आहे. परंतु उरलेल्या ४० टक्क्यांतील खरेदीदाराने काय करावे, याचे उत्तर आम्हांस त्या नियमांत मिळाले नाही.

सीमेवर राहणाऱ्या आपणां सर्वांस एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवली पाहिजे. दलालाची नोंदणी त्या त्या राज्यापुरती असते. एका राज्यात केलेली नोंदणी त्या राज्यभर चालते, पलीकडे चालत नाही. आमच्यापैकी कित्येकांची शेती शिनोळीपलीकडे चंदगड तालुक्यात आहे, मुले कोल्हापुरास किंवा पुण्यास नोकरीला आहेत, कोणी गोव्यात सदनिका पाहत असतो. बेळगावच्या दलालाने कोल्हापुरातील नव्या प्रकल्पातील सदनिका विकून दिली, तर त्याच्याजवळ महाराष्ट्राची नोंदणी पाहिजे. कर्नाटकाचा क्रमांक दाखवून भागत नाही. महाराष्ट्रात तर २०२३ पासून दलालाने प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र मिळवावे, असा दंडक टप्प्याटप्प्याने लागू झाला. वेशीच्या अलीकडे एक क्रमांक, पलीकडे दुसरा, आणि नातेवाइकांचा गोतावळा मात्र दोन्हीकडे पसरलेला, अशी आपली स्थिती आहे. 'माझी नोंदणी आहे' असे कोणी म्हणाला की 'कोणत्या राज्याची?' हा प्रश्न विचारावयास लाजू नये. नोंदणीकृत दलालाने जुळवून दिलेल्या प्रत्येक विक्रीत आपला क्रमांक नमूद करावा, असे कायदाच सांगतो. नोंदणीची गरज असून ती न करणाऱ्यास दर दिवशी १०,००० रुपये दंड आहे, आणि तो मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत चढत जातो.

मग जो कुंपणाबाहेर आहे त्याच्यावर कोणताच कायदा चालत नाही काय? चालतो. नोंदणीतून सूट म्हणजे जबाबदारीतून सूट नव्हे, एवढे एक वाक्य तुम्ही येथून घेऊन गेलात तरी आमचे बोलणे कारणी लागले. दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्याची कर्तव्ये १८७२ च्या करार कायद्यात आहेत, आणि ती लायसनवर अवलंबून नाहीत. जाणूनबुजून फसविले असेल तर भारतीय न्याय संहितेचे ३१८ वे कलम आहे. मोबदला घेऊन दिलेली सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते. मात्र मोबदला दिला हे तुम्हांस दाखविता आले पाहिजे. आणि येथेच आमचे लोक चुकतात. दलाली रोख द्यावयाची, पावती मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे असे समजावयाचे, आणि तंटा झाला की 'मी काहीच घेतले नव्हते, ओळखीखातर मदत केली' हे दलालाचे म्हणणे ऐकून घरी यावयाचे. शेकडा एक असो की दोन, दलाली धनादेशाने किंवा बँकेतून द्यावी, पावती घ्यावी, आणि कानडी उतारा विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या माणसाकडून वाचून घ्यावा. वकिलाची फी वाचविण्यासाठी दलालाकडून उतारा वाचून घेणे ही काटकसर नव्हे.

सरकारकडे मागणी करावयाची तर तिलाही जागा आहे. ५०० चौरस मीटर व आठ सदनिकांची मर्यादा राज्य सरकारास आवश्यक वाटल्यास खाली आणता येते. तो अधिकार कायद्यानेच दिलेला आहे, त्यासाठी संसदेकडे जाण्याचे कारण नाही. जुन्या घरांच्या विक्रीतील दलालांस नोंदणीखाली आणावयाचे तर मात्र कायदाच बदलावा लागेल. तसे झाल्यास फी वाढेल, दलाली महाग होईल, गल्लीतला प्रामाणिक म्हाताराही दोन घरे जुळवून देण्याचे सोडील, ही भीती काहींनी आमच्याजवळ बोलून दाखविली आणि ती खोटी नाही. म्हणून फी थोडी ठेवावी, वर्षाकाठी एक-दोन व्यवहार करणाऱ्यास सूट द्यावी. पण त्या सुटीबरोबर कॅलिफोर्नियाच्या कायद्यातील ते वाक्यही घालावे, असे आमचे मत आहे.

गुरुजींचे पुढे काय झाले असे कोणी विचारील. त्यांनी बाकीची रक्कम दिली नाही, हे नशीब. दलालीचे पैसे त्यांनी रोख दिले होते, पावती नव्हती, ते गेले. विसार परत मिळावा म्हणून त्यांनी विकणाऱ्यास वकिलामार्फत नोटीस पाठविली आहे. मध्यस्थ अजून त्याच चहाच्या दुकानात बसतो, आणि गुरुजी आता पलीकडच्या दुकानात चहा घेतात.