मनाचे दुखणे

श्रोतेहो, शरीराच्या दुखण्याविषयी आपण चारचौघांत मोकळेपणाने बोलतो. कोणास मधुमेह आहे, कोणाचे गुडघे धरले आहेत, कोणाचे मोतीबिंदूचे शस्त्रकर्म झाले, हे सारे पाहुण्यासमोर चहाबरोबर निघते. परंतु घरातील एखाद्याचे मन आजारी पडले, की त्याच घरातला आवाज एकदम हलका होतो आणि दार लोटले जाते. त्या लोटलेल्या दाराविषयी आज मला चार शब्द सांगावयाचे आहेत, आणि ते ऐकीव नव्हेत. आठ वर्षांपूर्वी त्या दाराच्या आतल्या बाजूस मी स्वतः होतो.

मी सावनेरचा राहणारा, व्यवसायाने शिक्षक. आमचे गाव नागपूरपासून सुमारे ४० किलोमीटरवर, कोलार नदीच्या काठी. भोवताली संत्र्यांच्या बागा, कापसाची शेते आणि कोळशाच्या खाणी. मराठी वाचकांस हे नाव परिचित आहे ते एका दुःखद कारणाने. २३ जानेवारी १९१९ रोजी राम गणेश गडकरी यांनी येथेच देह ठेवला. त्यांचे 'एकच प्याला' त्यांच्या पश्चात रंगभूमीवर आले. मद्यपानाचे नाटक म्हणून आपण ते पाहतो, आणि ते यथार्थही आहे. तथापि सुधाकराच्या हाती प्याला येण्यापूर्वी त्याची वकिलीची सनद काही काळ हिरावली गेलेली असते. अपमानाने त्याचे मन आधीच पोळलेले असते. प्याला सर्वांस दिसतो, पोळलेले मन कोणास दिसत नाही. आजही घरोघर हेच घडते. मनुष्य पिऊ लागला, चिडू लागला, कामावर जाईनासा झाला, म्हणजे आपण त्याच्या स्वभावास दोष देतो. हा आजार असेल काय, असा प्रश्न आपल्यास पडत नाही.

माझ्या बाबतीत प्याला नव्हता. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते. ते तपासल्यावाचून पडून राहू लागले. पहाटे तीनला जाग येई आणि उजाडेपर्यंत आपण किती निरुपयोगी आहोत याचा हिशेब चाले. भूक गेली. नदीकडे फिरावयास जाण्याचा वीस वर्षांचा परिपाठ मोडला. शोक करण्यासारखे काही घडलेच नव्हते, म्हणून लाज अधिक वाटे. आप्तांनी आपापल्या परीने उपाय सुचविले. कोणी म्हणाले, तीर्थयात्रा करून या. कोणी म्हणाले, तुम्हाला कमी ते काय आहे? आईने मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. या सर्वांमागे माया होती, यात शंका नाही. पण ज्याचे मनच आजारी आहे त्याला 'मन घट्ट करा' असे सांगणे, म्हणजे पाय मोडलेल्यास चालून दाखव म्हणण्यासारखेच होय.

एके रात्री, आपण नसलो तर घरच्यांचा भार हलका होईल, हा विचार मला अगदी सरळ आणि शहाणपणाचा वाटला. तो मी पत्नीपाशी बोलून गेलो, हे माझे सुदैव. ती रागावली नाही, तिने उपदेशही केला नाही. रात्रभर ती माझ्याजवळून हलली नाही, आणि सकाळी म्हणाली, "चला, मी सोबत येते."

गावातल्या कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून आम्ही पहिल्या बसने नागपूरला एका मनोविकारतज्ज्ञाकडे गेलो. बाहेरच्या बाकावर बसतो तो समोर आमच्याच पेठेतले एक दुकानदार, आपल्या मुलीला घेऊन आलेले. त्यांच्या संमतीनेच हे सांगत आहे. आम्ही एकमेकांस ओळखले आणि दोघांनीही माना खाली घातल्या. हाकेच्या अंतरावरची दोन घरे कित्येक महिने एकच दुःख एकमेकांपासून लपवीत होती.

आत गेल्यावर कोंडून ठेवतील, झोपेच्या गोळ्या देऊन गुंगवतील, अशा धास्तीने मी गेलो होतो. तसे काहीच झाले नाही. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतले. झोप, भूक आणि मरणाचे विचार यांविषयी स्पष्ट शब्दांत विचारले. रक्त तपासावयास सांगितले, कारण थायरॉईड ग्रंथी मंदावल्यानेही अशीच मरगळ येते. मग म्हणाले, उदासपणा, कशातही रस न वाटणे, झोप व भूक बिघडणे, हे दोन आठवडे वा अधिक काळ टिकले आणि नित्याची कामे अडू लागली, की त्यास नैराश्याचा आजार म्हणतात. तो तुम्हाला झाला आहे आणि त्यावर उपचार आहे.

गडकऱ्यांच्या काळी असे कोणा डॉक्टरास म्हणता आले नसते. या आजारावरील परिणामकारक औषधे १९५७ च्या सुमारास प्रथम उजेडात आली. त्यांचा गुण येण्यास बहुधा दोन ते चार आठवडे लागतात, कधी अधिक. त्यांचे व्यसन लागत नाही. मात्र आपल्या मनाने ती एकाएकी बंद करू नयेत, आणि बरे वाटू लागल्यावरही निदान सहा महिने घ्यावी लागतात. माझ्या पहिल्या पंधरवड्यात मळमळीवाचून काही पदरात पडले नाही. त्या दिवसांत गोळी हातावर ठेवणारे माणूस घरात नसते, तर मी उपचार सोडलेच असते.

औषधाच्या जोडीस समुपदेशन असते. समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे. मला पहिल्या भेटीत इतकेच सांगण्यात आले, की इच्छा होण्याची वाट न पाहता रोज दहा मिनिटे नदीच्या वाटेने चालावे आणि ते वहीत लिहावे. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत याच धर्तीवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. डॉक्टर नसलेल्या, परंतु रीतसर शिकविलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकी घेतल्या, तेव्हा तीन महिन्यांनी शेकडा ६४ रुग्णांचा आजार ओसरला. नुसत्या नेहमीच्या उपचारावर असलेल्यांत हे प्रमाण ३९ होते. आमच्या विदर्भातच, अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाच्या उपक्रमाने गावातल्याच माणसांना हे काम शिकविले. नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी मदत घेणारे आधी शेकडा ४ होते, ते २७ झाले. मदत दाराशी आली आणि लाज थोडी सरली, की माणसे उपचार घेतात, असाच याचा अर्थ.

नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ सालचे. त्याच्या नावाचा धाक अजून गेलेला नाही. वस्तुतः या आजाराच्या बहुतेक रुग्णांस दाखल व्हावे लागतच नाही. कोठे जावे हे न कळल्यास १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर अहोरात्र, विनामूल्य, मराठीतही सल्ला मिळतो. २०१७ च्या कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यास गुन्हेगार न मानता तीव्र ताणाखाली असलेला मनुष्य मानले आहे. कायद्याने हे मानले. आता घराने मानावयाचे आहे.

तिसऱ्या खेपेस परतीच्या बसमध्ये ते दुकानदार माझ्या शेजारी येऊन बसले. मुलगी खिडकीशी झोपली होती. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "गुरुजी, तुमची झोप आता कशी आहे?"

श्रोतेहो, इतका साधा प्रश्न मला तोवर कोणी विचारला नव्हता. आपल्या घरात, शेजारात कोणी असे गप्प झाले असेल, तर त्यास तो विचारावा. उत्तर मध्येच न तोडता ऐकावे. आणि सकाळी त्याच्यासोबत निघावे.