सामान आणि कावड



आपल्यातले बरेच जण संभाजीनगर सोडून दूर गेले. अमेरिकेला निघताना 23 किलोच्या दोन बॅगांत कुकर, मसाले, औषधं कोंबली. त्यात गरज थोडी आणि धास्तीच जास्त होती. पुढे सामान मोडलं, धास्तीही ओसरली.

अशा वेळी मला गोडसे भटजी आठवतात. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे घरचं कर्ज फेडायला 1857 मध्ये उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. 1858 मध्ये इंग्रजांनी झाशी घेतली, तेव्हा ते तिथेच होते. जीव वाचला, पण कमाई लुटली गेली. तरी गंगेची कावड त्यांनी खांद्यावरून वरसईला आणली आणि आईवडिलांना गंगास्नान घातलं. ही हकिकत त्यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकात आहे. ते 1907 मध्ये छापलं गेलं.

आपले आईवडील इथेच राहिले, आता थकलेत. आपण भेटवस्तूंनी भरलेल्या बॅगा घेऊन येतो आणि आठ दिवसांत परततो. मित्रांनो, पुढच्या खेपेला एक बॅग कमी आणा आणि पंधरा दिवस जास्त राहा. आपली कावड तीच.