अडलेला फोन



चाकणच्या एका कंत्राटी कामगाराने जुना घेतलेला फोन माझ्यापुढे ठेवला. भाषा निवडली, वायफाय जोडले, की गाडी अडे. प्रॉव्हिडंट फंडाचा नवा यूएएन १ ऑगस्ट २०२५ पासून बहुतेकांना उमंग अ‍ॅपवर चेहरा दाखवूनच काढावा लागतो. "दादा, फोन नाही तर फंड नाही," तो म्हणाला.

मी सातवी शिकलेला. पण यंत्र अडले की आधी साधे कारण पाहावे, हे कारखान्यानेच शिकवले. तारीख चुकली असली, तरी सर्व्हरशी जोडणी होत नाही. ती सुधारली, तेव्हा खरे दुखणे दिसले. फोन आधीच्या मालकाचे गूगल खाते मागत होता. अँड्रॉइडला हे कुलूप २०१५ पासून, आयफोनला २०१३ पासून आहे. सेटिंगमधून न पुसता बटणे दाबून पुसलेला फोन जुना धनी विसरत नाही. कुलूप चोरासाठी, अडकले गिऱ्हाईक!

कुलूप फोडून देणारे बाजारात आहेत. त्या वाटेने मी त्याला जाऊ दिले नाही. केवायएम या अक्षरांपुढे पंधरा अंकी आयएमईआय लिहून १४४२२ वर पाठवला. फोन काळ्या यादीत नव्हता. मग दुकानदारामार्फत मूळ मालक गाठला. त्याने पासवर्ड घातला, आपले खाते काढले, आणि वर चहाही पाजला.